जुन्या संगणकांतील मेमरी आयसी : आधी वाचन, मग वीज

तंत्रशाळा (धागालेखिका)

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या मायक्रोप्रोसेसर प्रयोगशाळेतील ८०८५ ची जुनी किट यंदा निर्लेखित होणार आहेत. त्यांच्याबरोबर कपाटातला ईप्रॉमचा (वीज नसतानाही मजकूर धरून ठेवणाऱ्या मेमरी आयसींचा) एक खोकाही भंगारात निघाला होता, तो मी विभागाकडून मागून घेतला. १९८० आणि १९९० च्या दशकांत अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम या आयसींमध्ये आहेत : लिफ्टचे नियंत्रण, चौकातले सिग्नल, स्टेपर मोटर आणि एलईडीच्या फलकावर देवनागरी अक्षरे सरकवणारा एक प्रकल्प. त्यांच्या वह्या आणि प्रकल्प-अहवाल बहुतेक नष्ट झाले आहेत. जे काही उरले आहे ते त्या चिपांच्या आतच आहे आणि ते हळूहळू पुसले जात आहे.

हे पुसले जाणे कसे घडते ते आधी मांडते, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच आधारलेली आहे. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली ईप्रॉम प्रत्यक्षात आणला. त्या पहिल्या १७०२ या आयसीत फक्त २,०४८ बिट मावत. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याचे एक गेट चहूबाजूंनी ऑक्साइडच्या थरात बंदिस्त असते. प्रोग्रॅम करताना जास्त व्होल्टेज देऊन त्या बंदिस्त गेटवर इलेक्ट्रॉन ढकलले जातात. विद्युतभार असलेला बिट ० वाचला जातो आणि भार नसलेला १. भार ऑक्साइडमधून अतिशय मंद गतीने निसटत राहतो आणि उष्णतेने ही गती वाढते. त्या काळच्या आयसींचे आयुष्य साधारण १० वर्षांच्या हिशेबाने सांगितले जाई. प्रत्यक्षात पुष्कळ आयसी त्याच्या कितीतरी पट टिकल्या आहेत, परंतु आज ज्यांचे वय ३५-४० वर्षे आहे त्यांच्याकडून आणखी उसनवारी मागणे योग्य नाही.

दुसरा शत्रू प्रकाश. आयसीच्या पाठीवरची क्वार्ट्झची खिडकी २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने मजकूर पुसता यावा म्हणून ठेवलेली असते, मात्र ४०० नॅनोमीटरच्या खालचा कोणताही प्रकाश थोडेफार हेच काम करतो. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेले असे की, खोलीतल्या ट्यूबलाइटखाली खिडकी सतत उघडी राहिली तर सर्वसाधारण आयसी सुमारे ३ वर्षांत पुसली जाऊ शकते आणि थेट उन्हात सुमारे १ आठवड्यात. आमच्या खोक्यातल्या काही आयसींवर लेबलच नाही.

जुना संगणक हाती आला की "वीज देऊन पाहा" असा सल्ला बहुधा पहिल्यांदा मिळतो. माझे मत असे आहे की, ज्या यंत्रात मजकूर धरून ठेवणारी आयसी आहे त्याला ती आयसी बाहेर काढून, वाचून, तिची प्रत सुरक्षित केल्याशिवाय वीज देऊच नये. जुन्या वीजपुरवठ्याचा रेग्युलेटर शॉर्ट झालेला असला तर ५ व्होल्टच्या वाटेवर त्याहून बरेच जास्त व्होल्ट येतात आणि मग वाचवण्यासारखे काही उरत नाही. तुमचा अनुभव आणि पद्धती कृपया सविस्तर लिहाव्यात, विशेषतः वाचन बरोबर झाले हे कसे ठरवता ते.

सोल्डरगंध

धाग्याचा विषय अगदी वेळेवर आला आहे, बाई. वाचनाच्या खात्रीबद्दल मी जे करतो ते सांगतो.

आयसी प्रोग्रॅमरच्या (आयसी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाच्या) सॉकेटात बसवून एकदा वाचणे पुरेसे नाही. वाचावी, पूर्ण बाहेर काढावी, पुन्हा बसवून वाचावी आणि दोन्ही फायलींचे एसएचए-१ हॅश (मजकुरावरून काढलेले ओळख-अंक) जुळतात का ते पाहावे. न काढता लागोपाठ वाचल्यास पायाचा खराब संपर्क प्रत्येक वेळी तीच चूक देतो आणि ती चूक आपल्याला खरी वाटू लागते. हॅश जुळले नाहीत तर फरक कुठे आहेत हे पाहणे फार बोलके असते. सगळे फरक एकाच बिटाच्या रांगेत असतील, म्हणजे प्रत्येक चुकीच्या बाइटमध्ये समजा पाचवाच बिट बदललेला असेल, तर दोष त्या डेटा पिनच्या संपर्कात असण्याची शक्यता सर्वांत जास्त. फाइलचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यासारखाच तंतोतंत दिसत असेल तर एखादी अ‍ॅड्रेस पिन टेकत नसावी. अर्थात प्रोग्रॅमच लहान असून तो आयसीत दोनदा बर्न केलेला, म्हणजे लिहिलेला, असण्याचीही शक्यता असते, म्हणून पाय स्वच्छ करून पुन्हा पाहावे. फरक मोजके, विखुरलेले आणि दर वाचनाला थोडे वेगळे असतील, तर मात्र भार खरोखरच निसटू लागला आहे असे समजावे.

अशा कमकुवत आयसीसाठी व्हीसीसी (आयसीचे पुरवठा-व्होल्टेज) बदलून वाचण्याची पद्धत अतिशय उपयोगी आहे आणि ती का चालते हे समजून घेतल्यास तिचा गैरवापर होत नाही. वाचताना निवडलेल्या ओळीतील ट्रान्झिस्टरांच्या गेटवर साधारण व्हीसीसीएवढेच व्होल्टेज येते. भार शाबूत असेल तर ट्रान्झिस्टरचा उंबरठा (ज्या व्होल्टेजला तो चालू होतो) व्हीसीसीच्या वर असतो, ट्रान्झिस्टर बंद राहतो आणि ० वाचला जातो. भार कमी झाला की उंबरठा खाली घसरतो. तो ५ व्होल्टच्या जरासा खाली आला की ट्रान्झिस्टर चालू होऊ लागतो आणि तोच बिट १ वाचला जातो. अशा वेळी व्हीसीसी ४.५ किंवा त्याहून किंचित खाली नेली तर उंबरठा पुन्हा वर ठरतो आणि हरवलेला ० परत मिळतो. उलट ५.५ व्होल्टवर वाचल्यास आज ठीक दिसणाऱ्या, पण काठावर आलेल्या पेशी उघड होतात. म्हणून मी प्रत्येक आयसी ४.५, ५ आणि ५.५ अशा तिन्ही व्होल्टेजांवर वाचतो. तिन्ही प्रती सारख्या आल्या तर आयसी निरोगी. ५.५ ची प्रत वेगळी आली तर तिच्यात कोणत्या पत्त्यांवर बिट बदलले याची नोंद ठेवतो, कारण पुढची गळती तिथूनच होणार असते. फार खाली गेल्यास आयसीच्या आतला वाचन-परिपथच नीट चालत नाही, तेव्हा ४ व्होल्टच्या आसपास आलेल्या प्रतीवर एकट्या विश्वास ठेवू नये.

तुमच्याकडे एकसारखी पुष्कळ किट आहेत, याचा मोठा लाभ आहे. भार गळण्याची दिशा एकच आहे : ० चा १ होतो, १ चा ० होत नाही. त्यामुळे मॉनिटर प्रोग्रॅमची (किट चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) एकच आवृत्ती असलेल्या तीन-चार आयसींच्या फायली घेऊन बाइट-बाइटचा 'अँड' (सर्व प्रतींत १ असेल तरच १, एरवी ०) काढला, तर कोणत्याही एका आयसीत शाबूत राहिलेला ० अंतिम प्रतीत येतो. याला दोन अटी आहेत. आवृत्ती खरोखर एकच असली पाहिजे. शेकडो बाइट वेगळे दिसले तर ती वेगळी आवृत्ती आहे आणि 'अँड' केल्यास दोन्हींचा नाश होईल. दुसरे, संपर्काचे दोष आधी पूर्ण निस्तरलेले असले पाहिजेत, कारण वाचनातला खोटा ० या पद्धतीत कायमचा शिरतो. शेवटी डिसअसेम्ब्लर (बाइटांवरून प्रोसेसरच्या सूचना दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून वादातला प्रत्येक बाइट सूचना म्हणून अर्थपूर्ण लागतो का ते डोळ्यांनी पाहावे. ८०८५ रीसेटनंतर ०००० या पत्त्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे पहिल्या काही बाइटवरूनच पुष्कळ कळते.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीत राहतो आणि इथल्या खाऱ्या, दमट हवेत आयसीच्या आतल्या भारापेक्षा बाहेरचे पाय आधी जातात, असे माझे निरीक्षण आहे.

१९७० च्या दशकातील व त्यानंतरच्या काही काळातील पुष्कळ आयसींच्या पायांवर चांदीचा मुलामा असे. हवेतल्या गंधकाने त्यावर काळा सल्फाइडचा थर चढतो. हा थर काच-तंतूच्या पेनने जोरात खरवडला तर मुलामाच निघून जातो आणि आतला लोह-निकेलचा मिश्रधातू उघडा पडून गंजू लागतो. असे पाय खांद्यापाशी, म्हणजे आयसीच्या अंगातून जिथे बाहेर येतात तिथे, सहज मोडतात. म्हणून हलक्या हाताने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावे आणि गरज असेल तिथेच किंचित घासावे. काळ्या पायांची आयसी वारंवार सॉकेटात घालू-काढू नये. ती एकदाच गोल पिनांच्या चांगल्या सॉकेटात बसवून मग ते सॉकेटच प्रोग्रॅमरमध्ये घालावे, म्हणजे झीज सॉकेटच्या पायांची होते.

साठवणीबद्दल एक कळकळीची विनंती. जुन्या काळ्या फोममध्ये टोचून ठेवलेल्या आयसी आजच बाहेर काढा. तो फोम वर्षानुवर्षांनी चिकट होऊन कुजतो आणि पाय खातो. रबरबँडने गठ्ठे बांधू नका, रबरात गंधक असते. अँटिस्टॅटिक नळ्यांत घालून, त्या नळ्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा डबा मी उघडत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या सदस्यांचा प्रश्न वेगळा असेल. तिथल्या कोरड्या हवेत स्थिर विद्युत हा खरा धोका आहे आणि १ मेगाओहमचा रेझिस्टन्स असलेला मनगटपट्टा बांधल्याशिवाय आयसीला हात लावू नये.

तंत्रशाळा

सोल्डरगंध आणि दर्यावर्दी, दोघांचेही मनापासून आभार. 'अँड'ची कल्पना मला फार मोलाची वाटली, कारण आमच्या मॉनिटर ईप्रॉमांच्या निदान पाच प्रती एकाच आवृत्तीच्या आहेत.

एक अडचण आली आहे. खोक्यातल्या सर्वांत जुन्या आयसींत काहींवर २७०८ आणि काहींवर टीएमएस२७१६ असे छापलेले आहे. माझ्या प्रोग्रॅमरच्या यादीत २७१६ आहे. त्याच पर्यायाने टीएमएस२७१६ वाचता येईल का? आणि २७१६ साठी २५ व्होल्ट लागतात असे ऐकले होते; माझा प्रोग्रॅमर तेवढे देऊ शकत नाही.

सोल्डरगंध

कृपया टीएमएस२७१६ त्या पर्यायाने वाचू नका. नाव सारखे असले तरी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ आणि इंटेलची २७१६ या अंतर्बाह्य वेगळ्या आयसी आहेत. टीएमएस२७१६ ला २७०८ प्रमाणेच +५, −५ आणि +१२ असे तीन पुरवठे लागतात, तर इंटेलची २७१६ वाचनासाठी एकट्या ५ व्होल्टवर चालते. टेक्सासच्या आयसींत इंटेलच्या २७१६ ला समकक्ष आहे ती टीएमएस२५१६. २७०८ च्या १९ क्रमांकाच्या पिनवर +१२ आणि २१ क्रमांकाच्या पिनवर −५ व्होल्ट असतात. इंटेलच्या २७१६ मध्ये १९ ही अ‍ॅड्रेस पिन आहे आणि २१ ही प्रोग्रॅमिंग व्होल्टेजची. जिथे −५ हवेत तिथे +५ गेले तर आयसीच्या पायाभूत थरातूनच प्रवाह वाहू लागतो.

यासाठी एक लहान अ‍ॅडॉप्टर बांधावा लागतो. तिन्ही पुरवठे वेगळे द्यावेत, −५ व्होल्ट सर्वांत आधी सुरू आणि सर्वांत शेवटी बंद व्हावेत, आणि अ‍ॅड्रेस व डेटाच्या वाटा तेवढ्या प्रोग्रॅमरकडे न्याव्यात. बांधल्यावर आयसी न घालता प्रत्येक पिनवर मल्टिमीटर लावून पाहावे.

२५ व्होल्टची चिंता वाचनासाठी नाही. ते फक्त लिहिताना लागतात. वाचताना व्हीपीपी (प्रोग्रॅमिंग व्होल्टेजची) पिन ५ व्होल्टला असते. लिहिण्याची व्होल्टेज मात्र पिढीगणिक बदलत गेली : २७१६ आणि २७३२ साठी २५, २७३२ए आणि मूळ २७६४ साठी २१, आणि २७६४ए व २७२५६ साठी १२.५. क्रमांकाच्या शेवटी असलेले एक 'ए' अक्षर दुर्लक्षित केल्यामुळे पुष्कळ चांगल्या आयसी जळालेल्या आहेत. टीएमएस२७१६ थोड्या असतील तर माझ्याकडे पाठवा असे मी म्हणणार नाही, टपालात त्या जाऊ नयेत. अ‍ॅडॉप्टरची आकृती मी व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

पेठकर

ईप्रॉमबद्दल चर्चा उत्तम चालली आहे. मी डायनॅमिक रॅमची बाजू मांडतो, कारण माझ्याकडे पुण्यातच जोडलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक आहे. नव्या सदस्यांसाठी सांगतो : पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस परवान्याखाली भारतात आणला होता. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची पहिली ओळ त्यावर टंकित केली.

४८ केच्या स्पेक्ट्रममध्ये खालची १६ के मेमरी ४११६ या प्रकारच्या आठ आयसींची असते. प्रत्येकीत १६,३८४ बिट, प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर, आणि दर २ मिलिसेकंदांच्या आत सर्व १२८ ओळी ताज्या कराव्या लागतात. म्हणजे इथे जपायचा मजकूर काहीच नाही, जपायचा आहे तो घटक. त्याचे मरण बहुधा बाहेरून येते. ४११६ लाही +१२, +५ आणि −५ लागतात. स्पेक्ट्रममध्ये १२ आणि −५ व्होल्ट बोर्डावरच एका कॉइल आणि ट्रान्झिस्टरच्या लहान कन्व्हर्टरमधून तयार होतात. तो कन्व्हर्टर बिघडला आणि −५ नाहीसे झाले की +१२ वर उभ्या असलेल्या ४११६ तापतात आणि एकामागून एक जातात. एखादी ४११६ शॉर्ट झाली तर ती उलट कन्व्हर्टरला घेऊन जाते. त्यामुळे मेलेली आयसी बदलून लगेच यंत्र चालू करणे म्हणजे नवी आयसी त्याच खड्ड्यात ढकलणे आहे. आधी सर्व ४११६ शिवाय तिन्ही व्होल्टेज मोजावेत, त्यानंतरच आयसींना हात लावावा.

वरची ३२ के मेमरी आणखी मनोरंजक आहे. खर्च वाचवण्यासाठी सिंक्लेअरने तिथे ६४ केच्या अशा आयसी वापरल्या की ज्यांचा अर्धाच भाग उत्पादनानंतरच्या चाचणीत उत्तीर्ण झाला होता, उदाहरणार्थ टीएमएस४५३२. कोणता अर्धा भाग चांगला आहे ते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून कळते आणि बोर्डावरचा जंपर त्यानुसार लावलेला असतो. आठही आयसी एकाच अर्ध्याच्या असाव्या लागतात. त्यांच्या जागी पूर्ण चांगल्या ४१६४ बसवता येतात आणि दुरुस्तीसाठी तोच मार्ग मी सुचवीन.

खालच्या मेमरीतही ४१६४ बसवण्याची युक्ती प्रचलित आहे, पण तिथे पायांची जोडणी बदलावी लागते. ४११६ च्या १ क्रमांकाच्या पिनवर −५, ८ वर +१२ आणि ९ वर +५ असतात. ४१६४ ला ८ वर +५ लागतात, ९ ही तिची आठवी अ‍ॅड्रेस पिन आहे आणि १ रिकामी असते. म्हणून मेमरीकडे जाणारी १२ व्होल्टची वाट तोडून तिथे ५ व्होल्ट आणावे लागतात. १२ व्होल्ट पूर्ण बंद करून चालत नाही, कारण रंगीत चित्राचा संकेत तयार करणाऱ्या आयसीलाही ते लागतात. या बदलाने यंत्र थंड आणि टिकाऊ होते हे खरे, तरीही सुस्थितीतल्या बोर्डावर मी तो करत नाही. ज्याच्या ४११६ अजून जिवंत आहेत असा बोर्ड दरवर्षी दुर्मीळ होत चालला आहे.

मूळप्रत

पेठकरांच्या शेवटच्या दोन वाक्यांशी पूर्ण सहमत. त्याच धाग्याने एक गंभीर मतभेद नोंदवतो.

कमकुवत झालेल्या ईप्रॉमवर, न पुसता, तोच मजकूर पुन्हा बर्न करावा म्हणजे भार ताजा होतो, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे, कारण ० वर पुन्हा ० लिहिल्यास इलेक्ट्रॉन वाढतात आणि १ ला कोणी स्पर्श करत नाही. परंतु वाचनात एकही खोटा ० शिरलेला असेल तर तो मूळ आयसीतच कोरला जातो आणि अतिनील दिव्याखाली सगळे पुसल्याशिवाय तो निघत नाही. म्हणजे जी वस्तू पुरावा होती ती आपल्या समजुतीची प्रत होऊन बसते. शिवाय २७१६ वर लिहिताना प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण आयसीला १०० सेकंदांहून थोडे अधिक, २५ व्होल्टचा ताण पडतो. ४० वर्षांच्या ऑक्साइडवर तो टाकण्याचा अधिकार आपल्याला केव्हा आहे, याचा विचार व्हावा.

माझी भूमिका अशी आहे की, मूळ आयसी वाचावी, नव्या आयसीवर प्रत करावी, यंत्रात ती प्रत बसवावी आणि मूळ आयसी तिच्या लेबलासह अंधारात ठेवून द्यावी. लेबल हाही दस्तऐवज आहे. त्यावर विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात बॅच आणि दिनांक असेल, तर वाचनाच्या सोयीसाठी ते खरवडू नये. जुन्या कागदी लेबलातून प्रकाश थोडा झिरपतो, पण त्यासाठी वर चांदीच्या कागदाचा तुकडा चिकटवून अक्षरे झाकण्यापेक्षा डबाच अपारदर्शक घ्यावा.

सोल्डरगंध

माझे मत थोडे वेगळे आहे. तंत्रशाळाबाईंच्या खोक्यातल्या एकमेव आयसींबद्दल मूळप्रत म्हणतात तेच बरोबर आहे. मात्र ज्याच्या शेकडो एकसारख्या प्रती बाहेर आहेत आणि जिचा मजकूर निर्विवाद ठरला आहे अशी मॉनिटर ईप्रॉम पुन्हा ताजी करून किटमध्येच ठेवण्यात मला गैर काही दिसत नाही. विद्यार्थ्याने मूळ घटकांनिशी चालणारे किट हाताळावे, यालाही किंमत आहे.

प्रतीसाठी आयसी निवडताना एक इशारा. विजेने पुसली जाणारी डब्ल्यू२७सी५१२ ही २७सी५१२ च्या जागी जशीच्या तशी बसते. २८सी६४ सुद्धा २७६४ च्या जागी बहुतेक बोर्डांवर चालते. २८सी२५६ मात्र २७२५६ च्या सॉकेटात थेट घालू नये. तिची पंधरावी अ‍ॅड्रेस वाट १ क्रमांकाच्या पिनवर आहे आणि २७ वर लिहिण्याचा संकेत आहे, म्हणजे २७२५६ मध्ये जिथे ती अ‍ॅड्रेस वाट येते नेमक्या त्याच पिनवर. यंत्र वाचायला गेले आणि आयसी लिहू लागली, असे होऊ शकते.

भोसरीकर

आपली चर्चा शिक्षण आणि छंदाच्या यंत्रांवर आहे. माझ्या धंद्यात हाच प्रश्न रोजच्या पोटापाण्याचा आहे. भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत १९८० च्या दशकातल्या कंट्रोलवर चालणारी सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे आजही उत्पादन देत आहेत. कंट्रोलचा प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये आणि यंत्राची पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या स्टॅटिक रॅममध्ये असतात. सीमॉस स्टॅटिक रॅम मजकूर धरून ठेवायला २ व्होल्ट पुरतात, त्यामुळे बॅटरी वर्षानुवर्षे मंदावत जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर यंत्र सुरू केले की सगळी पॅरामीटर गेलेली असतात आणि ती छापून ठेवलेला कागद कोणाकडेच नसतो.

म्हणून माझा नियम वर आलेल्या नियमाच्या नेमका उलट आहे आणि तो का उलटा आहे हे समजून घ्यावे. चालू असलेल्या यंत्राची बॅटरी बदलताना वीज चालूच ठेवावी लागते, नाहीतर बॅटरी निघाल्याक्षणी रॅम रिकामी होते. त्याआधी पॅरामीटर सीरिअल पोर्टवरून उतरवून घ्यावीत आणि पोर्ट चालत नसेल तर पडद्यावरून पानापानाचे छायाचित्र काढावे.

८०८५ च्या किटवरही बहुधा ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती प्रथम कापून काढा, उद्यासाठी ठेवू नका. तिच्यातून झिरपणारे द्रव अल्कधर्मी असते, ते बोर्डावरचे तांबे आणि सॉकेटचे पाय खात जाते. व्हिनेगर पाण्यात मिसळून कापसाने लावावे, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिलने धुवावे. तिच्या जागी लिथियमचा नाण्यासारखा सेल लावायचा असल्यास मालिकेत डायोड अनिवार्य आहे, कारण बोर्डावरचा चार्जिंग परिपथ त्या सेलला चार्ज करू पाहील आणि तो त्यासाठी बनलेला नाही.

काही जण ६२६४ या स्टॅटिक रॅमच्या जागी एफएम१६०८ ही फेरोइलेक्ट्रिक रॅम बसवतात, बॅटरीची गरजच राहत नाही. ती बसते, पण चिप-सिलेक्टचा (आयसी निवडणारा) संकेत खाली येताना ती पत्ता पकडते. ज्या बोर्डावर तो संकेत फक्त वरच्या अ‍ॅड्रेस वाटांवरून काढला आहे आणि दोन वाचनांच्या मध्ये वर जात नाही, तिथे ती चुकीचा मजकूर देते. बोर्डाची आकृती पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

निशिगंध

दोन छोट्या भरी घालते. भारताच्या शाळांत १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या संगणक-साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक आले आणि पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते 'युनिकॉर्न' नावाने इथे तयार केले. त्या यंत्रांत ऑपरेटिंग सिस्टिम आणि बेसिक बहुधा मास्क रॉममध्ये असतात, म्हणजे मजकूर कारखान्यातच धातूच्या वा सिलिकॉनच्या थरात घडवलेला. तो निसटत नाही. पण शाळेने रिकाम्या सॉकेटांत नंतर घातलेल्या ईप्रॉम असतील तर त्यांना वर सांगितलेले सर्व लागू आहे आणि बहुधा त्याच एकमेव असतात. कोणाच्या शाळेच्या अडगळीत असे यंत्र असेल तर आधी झाकण उघडून उजव्या बाजूची सॉकेटे पाहावीत.

दुसरे, कायद्याविषयी. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास नाश किंवा हानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा आहे. ती प्रत जालावर सर्वांसाठी ठेवणे हा वेगळा विषय आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या बाबतीत त्यांचा शोध घेऊन संमती मागावी असे मला वाटते.

तंत्रशाळा

निशिगंध, संमतीचा मुद्दा मान्य. लेबलांवर नावे आहेत. माजी विद्यार्थी संघाकडून पत्ते मिळतात का पाहते.

सर्वांच्या प्रतिसादांवरून कामाचा क्रम असा ठरवत आहे. ज्यांच्यावर लेबल नाही अशा आयसी आजच अंधारात जातील. दोन्ही बाजूंनी छायाचित्र, मग पायांची स्वच्छता, मग तीन व्होल्टेजांवर वाचन. प्रत्येक आयसीच्या नोंदीत छापील क्रमांक, उत्पादनाचा आठवडा, लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, तिन्ही हॅश आणि काठावर आलेल्या बिटांचे पत्ते असतील. एकमेव आयसींवर पुन्हा काहीही बर्न केले जाणार नाही, याबाबत मी मूळप्रत यांच्या बाजूची आहे. किटच्या मॉनिटरसाठी 'अँड' करून एक प्रमाण प्रत काढीन आणि ती नव्या आयसींवर घालीन. डायनॅमिक रॅम आमच्याकडे नाही, बॅटऱ्या मात्र आहेत आणि त्यांतल्या दोनभोवती हिरवट पूड दिसते आहे.

नव्या आयसींसाठी शेवटचा प्रश्न : मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पसोड्या विठोबाजवळ मिळणाऱ्या, कुठल्यातरी यंत्रातून काढलेल्या २७६४ घ्याव्यात का, आणि त्या घेतल्यास तपासाव्यात कशा?

सोल्डरगंध

घ्याव्यात, मात्र वापरलेल्या आहेत असे धरूनच. कोणाचा तरी जुना मजकूर त्यांत असेल, तर पुसण्याआधी तोही वाचून ठेवा. छपाई फार ताजी आणि पृष्ठभाग एकसारखा मऊ दिसत असेल तर वर नवे नाव छापलेले असू शकते. कापसाला अ‍ॅसिटोन लावून कोपऱ्यात घासून पाहावे.

पुसण्यासाठी माहितीपत्रक प्रति चौरस सेंटिमीटर १५ वॅट-सेकंद एवढा अतिनील प्रकाश सांगते, म्हणजे १२,००० मायक्रोवॅटच्या दिव्याखाली, नळीपासून १ इंचाच्या आत, १५ ते २० मिनिटे. खिडकीवरचा गोंद आधी पूर्ण काढावा, अन्यथा त्याच्या सावलीतल्या पेशी अर्धवट राहतात. दिवा झाकलेल्या पेटीतच लावावा, त्याच्याकडे डोळ्यांनी पाहू नये.

रिकामी असल्याची तपासणी ५ व्होल्टवर करून थांबू नका. अर्धवट पुसलेली पेशी ५ व्होल्टवर १ दाखवते आणि ४.५ वर ० दाखवते, म्हणून ही तपासणी ४.५ वरच करावी आणि तिथे एकही ० दिसला तर आणखी पाच मिनिटे दिव्याखाली ठेवावी. बर्न केल्यानंतरची पडताळणी मात्र ५.५ वर करावी, कारण तिथे कमी भरलेला बिट उघड होतो. दोन्ही चाचण्यांत उतरलेल्या आयसीवरच प्रमाण प्रत घालावी, खिडकीवर अपारदर्शक लेबल लावावे आणि त्यावर बर्न केल्याची तारीख व हॅशची पहिली आठ अक्षरे लिहावीत. बॅटरीभोवतीच्या हिरव्या पुडीसाठी भोसरीकरांचा उपाय आजच करा. ईप्रॉमचे सॉकेट तिच्या शेजारीच असते.